मुलांचं अँटिबायोटिक: बाटली उघडण्याआधी या चुका टाळा

सांगलीच्या विश्रामबागेत माझं मेडिकल आहे. पावसाळा लागला की लहान मुलांच्या अँटिबायोटिक ड्राय सिरपच्या बाटल्या भराभर जातात आणि पाठोपाठ फोन सुरू होतात. ड्राय सिरप म्हणजे ज्याच्या तळाला नुसती पावडर असते आणि पाणी आपण घालायचं असतं, ते. इतक्या वर्षांत फोनवरच्या तक्रारी बदलल्या नाहीत, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात जास्त घोळ पाण्याचा. बाटलीवर किंवा लेबलवर एक खूण असते, बाण किंवा रेघ. पाणी तिथपर्यंतच. वरची जागा रिकामी सोडलेली असते ती हलवायला.

दुसऱ्याचं कशाला, माझ्याच बहिणीच्या घरी झालं ते सांगतो. भाचा वर्षाचा. कान फुटून पू येत होता, ताप होता. डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड लिहिलं, तीन मिली, दिवसातून दोनदा, पाच दिवस. सरळ हिशेब आहे, तीस मिलीची बाटली पाचव्या रात्री संपायला हवी. मी दुकानातच पाणी घालून, हलवून, भावजींच्या हाती तासगावला पाठवली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, चौथ्या दिवशी परत चढला. सहाव्या दिवशी बहीण डॉक्टरांकडे निघाली, तेव्हा मी म्हटलं, बाटली घेऊन जा, आणि जाता जाता मला दाखव. बघतो तर एक तृतीयांश औषध शिल्लक! डोस चुकवलेत का म्हणून मी बहिणीवर डाफरलो. तिनं एकही चुकवला नव्हता. शेवटी तिच्या सासूबाई म्हणाल्या, "अवो, बाटली गळ्यापतुर रिकामीच की! मला वाटलं मापात मारलंय. मग मीच भरून ठिवली."

तीसची बाटली पंचेचाळीस मिली झाली होती. म्हणजे पोराला प्रत्येक डोसला औषध दोन तृतीयांशच गेलं. जंतू अर्धमेले झाले, मेले नाहीत. डॉक्टरांना कोर्स पहिल्यापासून सुरू करावा लागला. सासूबाईंना काय बोलणार? लेबलवर इंग्रजीत पाणी घालायचंच लिहिलेलं होतं, आणि मी घातलंय हे मी कुठंच लिहिलं नव्हतं. चूक माझीही.

तेव्हापासून मी काळ्या मार्करनं बाटलीवरच लिहितो: 'पाणी घातलंय', तारीख, आणि कधी फेकायची ती तारीख. मिरजेला 1894 साली वॉन्लेस डॉक्टरांनी दवाखाना काढला, तेव्हापासून या भागात कर्नाटकातूनही पेशंट येतात. ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी सूर्य आणि चंद्र काढून देतो, सकाळ-रात्र. चित्रं वाईट येतात, पण काम होतं.

घरी पाणी घालणार असाल तर माझी पद्धत अशी. बाटली आधी उलटी करून तळहातावर ठोकायची, म्हणजे तळाची पावडर सुटते. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं. खोक्यात पाण्याची कुपी आली असेल तर तीच वापरायची. निम्मं पाणी घालून झाकण लावून जोरात हलवायचं. फेस येतो, तो खाली बसू द्यायचा. इथंच लोकांना दम निघत नाही! फेसच खुणेला लागला की थांबतात, फेस बसल्यावर पाणी कमी निघतं आणि औषध दाट होतं. फेस बसला की खुणेपर्यंत पाणी, परत हलवायचं, परत बघायचं. त्यानंतर दर डोसच्या आधी हलवायचंच. नाहीतर सुरुवातीचे डोस पातळ जातात आणि सगळं औषध शेवटच्या दोन डोसांत.

चहाच्या चमच्यानं औषध देऊ नका. एकदा गिऱ्हाइकांनी आणलेले चमचे मी काउंटरवरच सिरिंजनं मोजले. एकात तीन मिली मावलं, एकात सात. बिनसुईची सिरिंज दहा-पंधरा रुपयांना मिळते. मूल बसवून, गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडा. नाक दाबून, आडवं करून ओतू नका, ठसका लागतो. दुधाच्या बाटलीतही मिसळू नका. पोरानं निम्मं दूध टाकलं तर औषध किती पोटात गेलं, हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

माझा दुसरा राग उरलेल्या बाटलीवर. "थोरल्याचं उरलंय, धाकट्यालाही तसंच झालंय, देऊ का?" नाही. डोस वजनावर ठरतो, आणि एकाच नावाच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. सेफिक्झिम हे अँटिबायोटिक पाच मिलीला 50 मिलिग्रॅमचं येतं, 100 चंही येतं. चमचा तोच, औषध दुप्पट. शिवाय धाकट्याची सर्दी बहुतेक वेळा व्हायरसची असते, तिथं अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. पाणी घातलेली बाटली तशीही फार दिवस टिकत नाही. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड साधारण सात दिवस, तेही फ्रीजमध्ये; लेबलवर कमी लिहिलं असेल तर कमी. उलट क्लॅरिथ्रोमायसिन फ्रीजमध्ये ठेवलं तर घट्ट होतं. म्हणून लेबल वाचा.

"मागच्या खेपेचंच द्या की, चिठ्ठी कशाला?" असं म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. सेफिक्झिमसारखी औषधं 2014 पासून शेड्यूल एच-वन या सरकारी यादीत आहेत. चिठ्ठी लागते, पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहावं लागतं, ती वही तीन वर्षं जपावी लागते. दुसरीकडं मिळतं म्हणाल तर तिकडं जा.

ताप उतरला म्हणून बाटली बंद करू नका. किती दिवस द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूनं घसा धरला तर दहा दिवसही देतात, कारण अर्धवट सोडलेला तो आजार पुढं हृदयाच्या झडपांवर जाऊ शकतो. आणि दोन डोसांत ताप उतरला नाही म्हणून सांगली सोडून मिरजेच्या डॉक्टरकडंही पळू नका. साधारण दोन दिवस लागतात. एका पिशवीत तीन डॉक्टरांची तीन अँटिबायोटिकं मी बघितली आहेत, आणि आईला विचारावं तर यातलं कुठलं चालू आहे ते तिला माहीत नाही. मात्र मूल सुस्त पडलं, पीत नसेल किंवा दोन दिवसांनीही ताप तसाच असेल, तर त्याच डॉक्टरांना दाखवा.

डोस विसरला तर आठवल्यावर द्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दुप्पट कधीच नाही.

पातळ जुलाब होतात, विशेषतः क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिडनं; जेवणाच्या सुरुवातीला दिलं तर कमी त्रास होतो. ओआरएस आणि अंगावरचं दूध चालू ठेवा. शौचात रक्त दिसलं किंवा लघवी कमी झाली तर डॉक्टर.

अंगावर पुरळ उठला तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना विचारा. ओठ-तोंड सुजलं, श्वास घरघरायला लागला तर कुणालाच विचारत बसू नका, मला तर नाहीच. थेट दवाखाना गाठा.

उलटी झाली की सगळे घाबरतात. डोस दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत झाली तर बहुतेक औषधांचा तोच डोस परत देतात, त्यानंतर झाली तर पुढच्या वेळेपर्यंत थांबतात. खात्री नसेल तर विचारा. रात्री अकराला फोन केलात तरी मी उचलतो, पण बाटली हातात धरून करा. "ती गुलाबी, गोड बाटली" एवढ्यावरून मला काही सांगता येत नाही.