फ्लूची साथ: कंपनीत आणि घरात या चुका टाळा

३ ऑगस्ट २००९ ला पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला आणि आठवडाभरात सगळं शहर तोंडाला रुमाल बांधून फिरू लागलं. नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीच्या रांगा, मेडिकलमध्ये एन-९५ मास्कचा खडखडाट, ज्याच्या-त्याच्या रुमालात कापूर-वेलचीची पुरचुंडी. मी तेव्हा भोसरीतल्या एका कारखान्यात एचआरला होतो. त्या पुरचुंडीने ना कुणाचं भलं झालं, ना फारसं बिघडलं. बिघडवलं ते आम्ही काढलेल्या नोटिशींनी.

एका दिवसाच्या तापालाही सर्टिफिकेट मागणं

‘डॉक्टरच्या सर्टिफिकेटशिवाय आजारपणाची रजा मिळणार नाही.’ ही नोटीस मीच टाइप केली होती. परिणाम काय झाला? साधा ताप असलेला माणूस कागदासाठी खोकणाऱ्या गर्दीत दोन तास बसू लागला, नाहीतर गोळी घेऊन सरळ कामावर येऊ लागला. बहुतेक जण कामावरच आले. पॅरासिटामॉलने चार-सहा तास ताप उतरतो, विषाणू जागचा हलत नाही. मोठ्या माणसाकडून लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस लागण होऊ शकते. म्हणून हिशेब असा ठेवा: गोळी न घेता २४ तास ताप आला नाही, तरच कामावर. तोवरची रजा फोनवर मंजूर करा, कागद मागू नका.

यात पैशाचा भाग मोठा आहे. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, आजारपणाचा लाभ पगाराच्या ७० टक्के मिळतो, पण साधारणपणे पहिले दोन दिवस त्यात धरत नाहीत. फ्लूचा ताप तीन-चार दिवसांचा, म्हणजे हातात काय राहतं ते बघा. कंत्राटी कामगाराची तर हजेरी बुडाली की रोज बुडाला. त्याला नुसतं ‘घरी आराम कर’ म्हणणं फुकटचं आहे. साथीपुरते ते दिवस कंपनीने भरून द्यावेत. लाइनवरचे सहा जण एकदम आडवे होण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

अंगठा बंद, बस मात्र खच्चून भरलेली

आम्ही पहिल्याच दिवशी अंगठ्याचं मशीन बंद केलं आणि गेटवर सॅनिटायझर ठेवलं. हात धुणं चांगलंच, पण फ्लू मुख्यतः खोकल्या-शिंकेतून, जवळच्या श्वासातून पसरतो. आणि तीच माणसं काचा बंद केलेल्या कंपनी बसमधून खांद्याला खांदा लावून यायची. पाऊस असला तरी काचा बोटभर उघड्या ठेवा, कँटीनच्या वेळा फोडा, बसमधली जागा ठरवून द्या म्हणजे कोण कुणाशेजारी होतं ते कळतं. मास्क आधी खोकणाऱ्याच्या तोंडावर हवा, आणि नाकासकट.

हे काही नवं नाही. १९१८ च्या फ्लूच्या साथीत, जून महिन्यात मुंबईत पोलीस शिपाई आजारी पडले, त्यांतल्या एकाची नेमणूक गोदीवर होती. पुढच्या दोन आठवड्यांत तार खातं, टांकसाळ, गिरणी असा ताप फिरत गेला.

घरातले सगळेच सेवेला

आई काढा करते, आजी कपाळावर पट्ट्या ठेवते, पोरं मांडीवर. प्रेमच ते, पण दोन खोल्यांच्या घरात असं केलं की चार दिवसांत अख्खं घर अंथरुणात. सेवेला एकच माणूस ठेवा. तो म्हातारा, मधुमेही किंवा दमेकरी नको. गरोदर बाई तर नकोच, २००९ मध्ये त्यांना हा आजार फार जड गेला. वेगळी खोली नसेल तर आजाऱ्याचं अंथरूण खिडकीजवळ घाला. टॉवेल वेगळा. ताट-वाटी साबणाने नीट धुतली तर वेगळी ठेवायची गरज नाही. लहान मुलांकडून लागण दहा दिवसांपर्यंतही होऊ शकते, त्यामुळे ताप उतरला म्हणून लगेच आजीकडे निजायला पाठवू नका.

अँटिबायोटिक्सचा फ्लूवर काही उपयोग नाही. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका. ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध डॉक्टरच्या सल्ल्याने, शक्यतो ४८ तासांच्या आत सुरू झालेलं बरं. जोखमीच्या माणसाने रिपोर्टची वाट बघत बसू नये. धाप लागली, ओठ निळे पडले, गुंगी आली, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढून खोकला वाढला, तर थेट हॉस्पिटल गाठा. मूल पाणी पिईना, तरीही तसंच.

‘लस मागच्या वर्षीच घेतलीय की’

विषाणू बदलतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते आणि अंगी लागायला दोन आठवडे जातात. आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू वाढतो, तेव्हा शिबिर मे महिन्यातच उरका. आणि नावं कुठून काढताय ते बघा. आमच्या पहिल्या शिबिराची यादी मी कायम कामगारांच्या मस्टरवरून केली. त्यात तिन्ही शिफ्टच्या माणसांना रोज ने-आण करणारा बस ड्रायव्हर नव्हता.