लाली दिसण्याची वाट पाहू नका: वॉर्डातील पहिल्या वर्षाचा अनुभव

नागपुरातील एका रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात मी परिचारिका म्हणून रुजू झाले, तेव्हा बेडसोरचा, म्हणजे अंथरुणाला खिळल्याने सतत दाब पडून होणाऱ्या जखमेचा, धोका मोजणाऱ्या ब्रेडन स्केलचे 6 निकष मला तोंडपाठ होते आणि 18 किंवा त्याहून कमी गुण म्हणजे धोका, हेही ठाऊक होते. तरीही पहिल्याच मे महिन्यात, पक्षाघाताने वाचा गेलेल्या भंडारा जिल्ह्यातील एका वृद्ध शेतकऱ्याच्या चार्टवर मी सलग तीन दिवस ‘त्वचा अखंड, लाली नाही’ असे लिहिले आणि चौथ्या दिवशी त्यांच्या माकडहाडावर जांभळट-काळा डाग उमटला. पुढे तिथे खोल जखम झाली.

माझी चूक नेमकी कुठे झाली, ते सविस्तर सांगते. बेडसोरची पहिली पायरी म्हणजे बोटाने दाबल्यावरही न जाणारी लाली, असे आपण शिकतो. परंतु सावळ्या किंवा उन्हाने रापलेल्या काळ्या कातडीवर ती लाली दिसतच नाही, आणि दाबल्यावर पांढरे पडणेही कळत नाही. मी डोळ्यांनी शोधत होते, जिथे हाताने शोधायला हवे होते. माकडहाड, टाचा, खुबे यांवर हात ठेवा आणि लगेच शेजारच्या कातडीवर ठेवून तुलना करा: जागा अधिक गरम वा गार आहे का, टणक किंवा लिबलिबीत लागते का, स्पर्श होताच रुग्णाचा चेहरा आक्रसतो का? त्यांची सून दुसऱ्या दिवशीच म्हणाली होती, “सिस्टर, बाबांना उताणं निजवलं की ते कण्हतात.” मी ते आजाराच्या माथी मारले. हाडालगतची खोल इजा कातडीवर दिसायला बहुधा 48 ते 72 तास लागतात; म्हणून दाखल होतानाच, कॅज्युअल्टीच्या स्ट्रेचरवर काही तास गेलेल्या रुग्णाची पाठ तपासलीच पाहिजे.

दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या नोंदी पाळी संपताना एकदम भरणे हा अप्रामाणिकपणा आहे, मग तो कोणत्याही वरिष्ठांनी शिकवलेला असो. लाल जागेवर स्पिरिट-पावडर लावून चोळण्याची जुनी रीतही सोडा, कारण दुखावलेल्या पेशींना त्याने अधिकच इजा होते. दाब टाळण्यासाठी रुग्णाखाली ठेवतात ती रबरी रिंगही नको, ती कडेच्या भागावर दाब आणते. एअर बेड उपयोगी आहे, परंतु तो असला तरी कूस बदलावीच लागते.

हे सारे जमते, घाबरू नका. पाठीमागे उशी देऊन 30 अंश कलवा, थेट खुब्यावर निजवू नका; पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवा; जेवणाची वेळ आणि डॉक्टरांची वेगळी सूचना वगळता डोक्याकडची बाजू 30 अंशांपेक्षा वर नको, कारण रुग्ण खाली घसरतो आणि कातडी आतून ओढली जाते. नागपूरच्या उन्हाळ्यात मेणकापडावर साचणारा घाम वेगळा पाहावा लागतो. ऑक्सिजनच्या नळीखाली, कानामागेही पाहा.

आता पाळी बदलताना मी जाणाऱ्या सिस्टरसोबत रुग्णाला कुशीवर घेते, आम्ही दोघी माकडहाडावर हात ठेवतो आणि मगच चार्टवर सही करतो.