गॅदरिंगसाठी घरच्या घरी बूट अन् गदा

गॅदरिंग जवळ आलं की राजाचे बूट कुठं मिळतील म्हणून सगळे विचारायलेत, तर भाड्यानं आणू नका, घरीच करा, लई अवघड नाही.

पोराच्या पायाचे जुने कॅनव्हास शूज घ्या, पायात घालून पोटरीपर्यंत क्लिंग फिल्म (स्वयंपाकघरातलं पातळ चिकटणारं प्लास्टिक) गुंडाळा, वरून मास्किंग टेप. टेपवर पेनानं शिवणी आखा, जोडखुणा करा अन् पाय सांभाळून कापून काढा, हाच तुमचा पॅटर्न. तो ५ एमएमच्या ईव्हीए फोमवर (रबरासारखं हलकं, लवचिक शीट) उतरवायचा, दुसऱ्या पायासाठी उलटा करून, हे विसरलात की दोन्ही बूट डाव्या पायाचे होतात, माझे झालेत.

आकार हीटगननं, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या मशीननं येतो. फोम जरा चकाकला की गन बाजूला, लगेच शूजवर दाबून गार होईपर्यंत धरा, लवकर सोडलं की परत सरळ होतो. जोडायला चप्पलवाले वापरतात तो पिवळा सोल्युशन, दोन्ही कडांना लावून बोटाला चिकटेना इतका सुकू द्या, मगच दाबा. आपल्या परभणीच्या उन्हात तो पटकन सुकतो म्हणून थोडा थोडाच लावा, पण काम गच्चीवरच, वास डोक्यात जातो. तळ शूजचाच ठेवा, स्टेजवर घसरत नाही.

मग पाणी घातलेल्या फेविकॉलचे ३-४ हात, वर अॅक्रेलिक रंग.

गदेला फुगा फुगवून खळीत भिजवलेल्या पेपरच्या पट्ट्या लावा, प्रत्येक थर वाळवून.