जुन्या लॅपटॉपवर लिनक्स : इन्स्टॉल करण्याआधीचा एक तास

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे मुंबईतल्या कितीतरी घरांत आणि छोट्या ऑफिसांत धडधाकट लॅपटॉप नुसते पडून आहेत. त्यांच्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम, उत्तम चालतं. लोक कंटाळून परत जातात ते वेगळ्याच कारणांनी: प्रिंटर ओळखला जात नाही, वायफाय दिसत नाही, मराठी टाइप होत नाही. यातली जवळजवळ प्रत्येक अडचण इन्स्टॉल करण्याआधीच, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून, तासाभरात कळते. तो तास वाचवू नका.

पहिल्यांदा लिनक्सकडे जाणाऱ्याने त्यातला लिनक्स मिंट हा प्रकार घ्यावा. खालची पट्टी, मेन्यू, घड्याळ सगळं ओळखीच्या जागी असतं आणि २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. रॅम ८ जीबी असेल तर सिनॅमन आवृत्ती, ४ जीबी असेल तर एक्सएफसीई. ४ जीबीत सिस्टिम आरामात मावते, रॅम खातो तो ब्राउझर. डिस्क अजून फिरणारी असेल, तर मात्र आधी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाका. एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडवर २.५ इंची साटा एसएसडी सहज मिळते, २५६ जीबी पुरते. रॅमही वाढवायची असेल तर जुनी पट्टी काढून सोबत न्या. डीडीआर३ आणि डीडीआर३एल दिसायला सारख्याच असतात, खाचेतही बसतात. पण ३एल १.३५ व्होल्टवर चालते आणि फक्त तेवढ्याच व्होल्टेजच्या मशीनमध्ये साधी डीडीआर३ टाकली तर लॅपटॉप सुरूच होत नाही. रविवारी तिथली बरीचशी दुकानं बंद असतात, शनिवारीच जा.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा, चांगल्या दुकानातला. स्टेशनबाहेर स्वस्तात मिळणाऱ्या ड्राइव्हची लिहिलेली क्षमता बऱ्याचदा खोटी असते आणि मग इन्स्टॉल अर्ध्यात विचित्र एरर देऊन थांबतं. मिंटची आयएसओ फाइल (अख्खी सिस्टिम एकाच फाइलमध्ये) ३ जीबीच्या आसपास आहे. उतरवल्यावर तिचा एसएचए-२५६ आकडा (फाइलची ओळख पटवणारी लांब आकडे-अक्षरांची ओळ) मिंटच्या साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा, कारण डाउनलोड मध्येच तुटलेलं असलं तरी फाइल दिसायला पूर्णच दिसते. मग बलेना एचर किंवा रूफस या प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर लिहा. ड्राइव्हमधलं आधीचं सगळं पुसलं जाईल. लिहून झाल्यावर विंडोज कधी कधी ‘फॉरमॅट करू का’ विचारतं. तिथे कॅन्सल दाबायचं. होय म्हटलंत तर पुन्हा पहिल्यापासून.

लॅपटॉप बंद करून पेनड्राइव्ह लावा आणि चालू करतानाच बूट मेन्यूची (कशावरून सुरू व्हायचं ते विचारणाऱ्या यादीची) की दाबत राहा. डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ१२, एचपीला एफ९, आसुसला एस्केप. एसरमध्ये एफ१२ चा मेन्यू आधी बायोसमधून (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमधून) चालू करावा लागतो. पडदा काळाच राहिला तर पुन्हा सुरू करून मिंटच्या सुरुवातीच्या यादीत कंपॅटिबिलिटी मोड निवडा. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असलं की हे होतं आणि इन्स्टॉलनंतर ड्रायव्हर मॅनेजरमधून सुटतं.

आता तो तास. वायफाय जोडा. नेटवर्कच दिसत नसेल तर मोबाइल केबलने लावून यूएसबी टेदरिंग सुरू करा. त्या नेटवरून ड्रायव्हर मॅनेजर वायफायचा ड्रायव्हर उतरवतो. ब्रॉडकॉमच्या चिपला हे बहुतेक वेळा करावंच लागतं. यूट्यूब लावून आवाज ऐका, कॅमेरा उघडा, ब्लूटूथचा हेडफोन जोडा. मग झाकण मिटा, दोन मिनिटं थांबा आणि उघडा. लॅपटॉप झोपेतून नीट उठला पाहिजे.

प्रिंटर मात्र कागदावर छापून बघा. तो ‘ॲड’ झाला म्हणजे चालतो असं समजू नका. नवे वायफायवाले प्रिंटर बहुधा आपोआप सापडतात. मुंबईच्या ऑफिसांत घर करून बसलेले दोन जुने लेझर त्रास देतात. एचपी १०२० ला प्रत्येक वेळी चालू केल्यावर संगणकाकडून फर्मवेअर (त्याचा आतला प्रोग्रॅम) द्यावं लागतं. त्यासाठी एचपीलिप हा एचपीचा लिनक्स ड्रायव्हर आणि त्याचं वेगळं प्लगइन टाकलं की काम होतं. कॅनन एलबीपी २९०० कॅननच्या स्वतःच्या ‘कॅप्ट’ नावाच्या भाषेतच बोलतो. त्याचा लिनक्स ड्रायव्हर बसवणं किचकट आहे, नवशिक्याने त्यात पडू नये. रोज त्यावरच छापत असाल तर विंडोज बाजूला ठेवून दोन्ही सिस्टिम नांदवा. टॅली, कोरलड्रॉ, फोटोशॉप किंवा डिजिटल सहीचं टोकन रोज लागणाऱ्यांनाही हाच सल्ला.

मराठीही इथेच तपासा. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, लेआउट्स, अधिकचं चिन्ह, आणि यादीतून मराठीचा एनहान्स्ड इन्स्क्रिप्ट हा लेआउट. टेक्स्ट एडिटर उघडून ‘दुसऱ्या’ हा शब्द लिहा. नेहमीचा ‘र’ वापरलात तर ‘दुसर्या’ असा ‘सूर्य’मधला रफार उमटतो. ‘ऱ’ शिफ्ट आणि जे वर आहे, हलंत डी वर आणि ‘य’ तिरक्या रेघेच्या कीवर. या तीन की ओळीने दाबल्या की ‘ऱ्य’ बरोबर येतो. ‘ळ’ शिफ्ट आणि एन वर. इंग्रजी स्पेलिंगने मराठी लिहायची सवय असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस-एम१७एन घ्या, इनपुट मेथडमध्ये आयबस निवडा, लॉगआउट करून परत या आणि मराठीचं आयट्रान्स जोडा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या जुन्या फायली उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसेल. फाइल बिघडलेली नसते, फक्त त्या अक्षरांना तोच फॉन्ट लागतो. विंडोजमधली टीटीएफ फाइल आणून इन्स्टॉल केली की मजकूर वाचता येतो. लिब्रेऑफिसमध्ये (मिंटमधलं वर्ड-एक्सेलसारखं ऑफिस) देवनागरीचा फॉन्ट इंग्रजीपासून वेगळा ठरतो. ऑप्शन्सच्या भाषा विभागात कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून मराठी निवडा, नाहीतर एकाच ओळीत दोन आकारांची अक्षरं येतात.

सगळं पटलं तर इन्स्टॉल. आधी फोटो, कागदपत्रं, ब्राउझरचे पासवर्ड बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. विंडोजसोबत ठेवायचं असेल तर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) बंद करा किंवा त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. फास्ट स्टार्टअपही (विंडोज पूर्ण बंद न करता लवकर सुरू करणारी सोय) बंद करा, नाहीतर विंडोजची डिस्क लिनक्समध्ये फक्त वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करा, किमान ६० जीबी. चार्जर लावलेला असू द्या. बॅटरी मेलेली असेल तर यूपीएसवर काम करा, खास करून पावसाळ्यात कल्याण किंवा वसईच्या पुढे. पार्टिशन (डिस्कचे भाग) हलत असताना लाइट गेली तर डेटा जातो.

इन्स्टॉलरमध्ये कीबोर्ड इंग्रजीच ठेवा, ‘इंडिया, विथ रुपी’ निवडा. उजवा ऑल्ट आणि ४ ने ₹ येतं. इथे मराठी निवडलंत तर पासवर्ड टाकताना अडकाल. मल्टिमीडिया कोडेक्सच्या चौकटीत खूण करा. सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम अडवणारी बायोसमधली सोय) चालू असेल तर इन्स्टॉलर एक पासवर्ड मागेल आणि रीस्टार्टनंतर निळा पडदा येईल. तिथे एनरोल एमओके निवडून तोच पासवर्ड द्यायचा. घाईत कंटिन्यू दाबलं की वायफाय किंवा एनव्हिडियाचे वेगळे बसवलेले ड्रायव्हर चालत नाहीत. टाइमझोनमध्ये मुंबई शोधू नका, भारताची वेळ कोलकाता नावानेच आहे. ‘इरेज डिस्क’ हा पर्याय अख्खी डिस्क पुसतो, डी ड्राइव्हसकट. सी ड्राइव्हच जाईल अशा समजुतीने अनेकांचे फोटो गेले आहेत.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये साटाचा (डिस्कच्या जोडणीचा) मोड रेड (RAID) किंवा आरएसटी असेल, तो एएचसीआय करा. विंडोज ठेवत असाल तर आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगून मगच मोड बदला, नाहीतर ते उघडत नाही.

सुरू झाल्यावर पहिलं काम टाइमशिफ्ट या प्रोग्रॅमने सिस्टिमचा स्नॅपशॉट, म्हणजे बिघडल्यास परत जाता येईल अशी प्रत, घेणं. पण त्यात सिस्टिम जपली जाते, तुमचे फोटो नाहीत. त्यांचा बॅकअप वेगळा घ्या. मग अपडेट मॅनेजर पूर्ण चालवा. प्रोग्रॅम वेबसाइटवरून शोधत बसू नका, सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या. व्हॉट्सॲप, टीम्स आणि बँक ब्राउझरमध्ये चालतात.

दोन्ही सिस्टिम ठेवल्यात तर विंडोजचं घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे दिसू लागेल. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये (हुकूम टाइप करायच्या खिडकीत) टाइमडेटसीटीएल (timedatectl), जागा सोडून सेट-लोकल-आरटीसी (set-local-rtc), पुन्हा जागा सोडून १, असं इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करून एंटर दाबा. पुढच्या वेळी विंडोज उघडून इंटरनेटवरून वेळ एकदा जुळवून घेतली की दोन्हीकडे वेळ सारखी दिसते.

पवईच्या आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल, म्हणजे व्हिडिओ धडे, मराठीतही आहेत. लिब्रेऑफिसचे धडे त्यात सविस्तर दिले आहेत. घरातल्या मोठ्यांना शिकवायचं असेल तर त्यातल्या रायटरपासून (लिहिण्याचा प्रोग्रॅम) सुरुवात करा, टर्मिनलपासून नको.