मृगाच्या आधी मक्यासाठी काय काय तयार हवं

पुणे जिल्ह्यात मक्याच्या टोकणीला, म्हणजे हाताने एकेक जागी दाणा जमिनीत खोचायला, मिळणारे दिवस फार थोडे असतात. चांगला पाऊस होतो, जमिनीला वाफसा (पेरणीजोगी ओल) येतो आणि तीन-चार दिवसांत गावातला प्रत्येक मजूर, प्रत्येक ट्रॅक्टर एकाच वेळी कामाला लागतो. त्या दिवसांत कुणाला दोरीने अंतर मोजून टोकण करायची नवी पद्धत शिकवायला जाऊ नये. एकर-दीड एकरवाल्या शेतकऱ्याच्या मदतीला जाणारे तुम्ही कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी असा, एखाद्या संस्थेचे कार्यकर्ते असा किंवा गावातलेच कृषिमित्र असा, आपली तयारी अक्षय तृतीयेच्या सुमाराला सुरू करा आणि मेच्या मध्यापर्यंत उरका. जूनपर्यंत वेळ आहे असं धरून चालू नका. २०२५ साली मान्सून २६ मेलाच पुण्यात पोचला. बारामती, इंदापूर, दौंडकडे त्याच महिन्यात शेतांत पाणी साचलं आणि ज्यांची नांगरट, कुळवणी राहिली होती त्यांना वाफशाची वाट बघत बसावं लागलं.

पहिली चौकशी मका कशासाठी करायचा याची. हे आपण बाहेरून ठरवून जायचं नाही. शिरूर-दौंडकडे दारात चार गाई असतील तर मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) हवा असतो, जुन्नर-आंबेगावकडे कुणी गोड मक्याची कणसं पुण्याच्या बाजारात पाठवतो, कुणाला कोंबडी खाद्यवाल्या व्यापाऱ्याला दाणा द्यायचा असतो. हेतू बदलला की सगळं बदलतं. वैरणीचा आफ्रिकन टॉल हा वाण हेक्टरी ७५ किलो बी टाकून, ओळींत ३० सेंटिमीटर ठेवून दाट पेरतात आणि ते बरोबरच आहे. दाण्याच्या मक्याला मात्र हेक्टरी १५ ते २० किलो बी पुरतं. वर्षानुवर्षं वैरणीचा मका पेरलेल्या हाताला दाण्याचा मका विरळ वाटणारच, त्यामुळे ‘एवढं अंतर सोडून रान मोकळं ठेवायचं?’ हा प्रश्न येणार हे गृहीत धरा आणि उत्तर तयार ठेवा. गोड मका करणाऱ्याच्या शेजारी दाण्याचा मका असेल तर दोघांना आधीच एकत्र बसवा. परागकण वाऱ्याने येतात आणि गोडी बिघडते. दोन टोकणींत तीन आठवड्यांचं अंतर ठेवणं हा छोट्या शेतकऱ्याला परवडणारा उपाय आहे.

यानंतर रानाची निवड. इथे माझं मत ठाम आहे: ज्याच्याकडे एकच एकर आहे त्याच्याकडून या पद्धतीसाठी पूर्ण एकर मागू नका. पाच गुंठे मागा. शेजारच्या पाच गुंठ्यांत त्याच दिवशी, त्याच वाणाचा, तेवढ्याच खतावर त्याला त्याच्या नेहमीच्या पद्धतीने मका करू द्या. वाण बदलला, खत बदललं आणि अंतरही बदललं, तर पिकात फरक कशाने पडला हे ना त्याला कळेल ना तुम्हाला. छोट्या शेतकऱ्याचा संकोच अडाणीपणातून येत नाही. त्याचा हंगाम चुकला तर वर्षाचा दाणा आणि जनावरांची वैरण दोन्ही जातात, आणि आपण संध्याकाळच्या गाडीने पुण्याला परत येतो. पाच गुंठ्यांत त्याचा धोका आटोक्यात राहतो आणि निकाल त्याच्या बांधावरून दिसतो. तुकडा निवडताना रस्त्याकडेचा, पण पाणी न साचणारा बघा. मक्याचा वाढीचा शेंडा पहिले काही आठवडे जमिनीखाली असतो. त्या काळात रान चिबडलं की रोप पिवळं पडून खुरटतं. भारी काळ्या रानात सरी-वरंबा किंवा रुंद वरंबा करून वरंब्याच्या बगलेत टोकण करायची सोय बघा, आणि सरीचं पाणी शेवटी कुठे निघणार तेही चालत जाऊन पाहा.

मातीचा नमुना शेणखत टाकण्याआधी घ्या. बांध, झाडाची सावली आणि उकिरड्याची जागा सोडून नागमोडी चालत, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती काढा. सगळी एकत्र करून अर्धा किलो ठेवा, पिशवीत नाव आणि गट नंबरची चिठ्ठी टाका. अहवाल टोकणीनंतर आला तर त्याचा उपयोग उरत नाही, म्हणून हे काम एप्रिलमध्येच करावं.

बियाणं घेताना शेतकऱ्याबरोबर दुकानात जा, पण निवड त्याची असू द्या. पावती, पिशवीवरचं लेबल आणि मूठभर बी जपून ठेवायला सांगा. उगवण झाली नाही तर तक्रार याच तीन गोष्टींवर उभी राहते. घरी आल्यावर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि चार-पाच दिवसांनी मोजा. नव्वदच्या खाली आले तर बी बदलून मागायला अजून वेळ असतो. घरचंच संकरित मक्याचं बी पुन्हा वापरायचा विचार कुणाचा असेल तर पुढच्या पिढीत झाडं सारखी येत नाहीत, हे समजावून सांगा. पिशवीतलं बी रंगीत असेल तर त्याला औषध आधीच लावलेलं आहे. ते कोंबड्यांपासून आणि पोरांपासून दूर ठेवा, टोकणाऱ्या बायकांना हातमोजे द्या. साधं बी असेल तर किलोला २ ते २.५ ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळा आणि टोकणीच्या थोडं आधी सावलीत ॲझोटोबॅक्टर हे जिवाणू खत लावा. हा क्रम उलटा करू नका.

आता सगळ्यात मोठं काम, अंतराचं. मध्यम आणि उशिरा येणाऱ्या वाणांना दोन ओळींत ७५ आणि दोन झाडांत २० सेंटिमीटर, लवकर येणाऱ्यांना ६० आणि २०. शेतात सेंटिमीटर कुणी बोलत नाही. अडीच फूट आणि आठ इंच म्हणा, लगेच कळतं. कागदावरच्या तक्त्यापेक्षा दोरी कामाला येते. नायलॉनची न ताणणारी दोरी घ्या, दर आठ इंचांवर लाल चिंधीची गाठ मारा, दोन्ही टोकांना खुंट्या बांधा आणि अडीच फुटांच्या दोन काठ्या तोडून ठेवा. दोन माणसांनी दोरी धरायची आणि बाकीच्यांनी गाठीगाठीला टोकत जायचं. एका दोरीमागे चार बायका नीट काम करतात, त्यामुळे जितक्या टोळ्या तितक्या दोऱ्या आदल्या आठवड्यातच तयार हव्यात. हाताने चालवायचं टोकण यंत्र तालुक्यात कुठे मिळतं ते विचारून ठेवा आणि मिळालं तर कोरड्या रानात चालवून बघा. ओल्या काळ्या मातीत त्याचं तोंड गच्च होतं. बी ४ ते ५ सेंटिमीटर खोल जावं, म्हणजे बोटाची साधारण दोन पेरं.

एका जागी दाणे किती, हा खरा वादाचा मुद्दा. बहुतेक जण दोन-तीन टाकतात आणि त्यामागे कारण असतं: पाखरं उकरतात, एखादा किडका निघतो. नुसतं ‘एकच टाका’ म्हणून भागणार नाही. एक दाणा टाकायचा तर उगवण तपासलेली हवी आणि पहिले आठ-दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाखरं राखायला माणूस ठरलेला हवा. तो ठरला नसेल तर सरळ दोन दाणे टाकून पुढे विरळणी करा. पण विरळणीची मजुरी आणि दुप्पट बी हा खर्च शेतकऱ्यासमोर मांडा. पाच गुंठ्यांना ७५ बाय २० वर साधारण ३,३०० ते ३,४०० झाडं बसतात आणि किलोभर बी लागतं. दुप्पट टाकलं की एकराला आठ किलोच्या जागी सोळा किलो जातं. नांग्या (न उगवलेल्या रिकाम्या जागा) उगवण दिसताच चार-पाच दिवसांत भरा, कारण उशिरा लावलेल्या रोपावर शेजारच्यांची सावली पडते आणि त्याला कणीस धरत नाही.

टोकण बहुतेक ठिकाणी बायका करतात. तरीही बैठकीला पुरुष बोलावले जातात आणि अंतराचं सगळं त्यांनाच सांगितलं जातं. ज्या हातांनी दाणा जमिनीत जाणार आहे ते हात बैठकीत नसतील तर आपली बैठक वाया गेली असं समजा. वेळ त्यांना विचारून ठरवा. सकाळी धारा, स्वयंपाक, शाळेचे डबे आणि दिवसभर मजुरी असते, तेव्हा संध्याकाळी दूध डेअरीवर घालून झाल्यावरचा अर्धा तास बऱ्याच गावांत जमतो आणि डेअरीसमोर माणसं आपोआप येतात. तिथल्याच मोकळ्या जागेत दोरी ताणून, खडे टोकून दाखवा. गावातली टोकणारी टोळी कोणाची, तिची मुकादम बाई कोण, हे आधी शोधा. तिला पटलं तर ती दहा रानांत तेच करते. आणखी एक अडचण आधीच सोडवा: मजुरी उक्ती (कामाप्रमाणे ठोक) ठरली असेल तर दोरीने काम हळू होतं आणि त्यांचं नुकसान होतं. त्या पाच गुंठ्यांपुरती रोजावर मजुरी द्यायला शेतकऱ्याला राजी करा, किंवा चार घरांनी सावड करून एकमेकांची रानं टोकायची असं ठरवा.

खताचं थोडक्यात. महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी आहे. पाच गुंठ्यांना ते सुमारे १९ किलो सिंगल सुपर फॉस्फेट, साडेतीन किलो म्युरेट ऑफ पोटॅश आणि १३ किलो युरिया होतं. माती अहवालात जस्त कमी असेल तर किलोभर झिंक सल्फेट शेणखतात मिसळून वेगळं द्या, सुपर फॉस्फेटमध्ये कालवू नका. युरियाचे तीन भाग करा: टोकणीला, महिन्याने, आणि त्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी. टोकणीच्या वेळचं खत बियाच्या बाजूला आणि थोडं खाली पडावं. खतांची गर्दी मृगात होते आणि नको असलेला माल गळ्यात मारला जातो, म्हणून सोसायटीचं पीककर्ज मेमध्येच उचलता येतं का ते पाहा आणि खरेदी उरकून टाका.

तणनाशक वापरायचं की नाही हे आंतरपिकाशी बांधलेलं आहे. मक्यात उडीद, मूग, चवळी घ्यायचं ठरलं असेल तर ॲट्राझीन अजिबात नको, कडधान्य जळून जाईल. तिथे कोळपं आणि खुरपणीचीच माणसं आधी बघून ठेवायला हवीत.

अमेरिकन लष्करी अळीची तयारी टोकणीच्या दिवशीच करा. ही अळी भारतात २०१८ साली आधी कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. आता ती येणार हे धरूनच चालायचं. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) आणून ठेवा, निंबोळ्या मिळतील तिथे उन्हाळ्यातच गोळा करून वाळवा, आणि ओळख शिकवा: डोक्यावर उलटा इंग्रजी ‘वाय’, शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. रानातल्या पाच जागी वीस-वीस झाडांचे पोंगे (शेंड्याची गुंडाळलेली पानं) उघडून बघायची सवय उगवणीपासून लावा. सुरुवातीला शंभरात पाच झाडांवर खाल्ल्याच्या खुणा दिसल्या की ५ टक्के निंबोळी अर्क पोंग्यात पडेल असा फवारा. अळी मोठी होऊन पोंग्यात खोल शिरली की औषधाचा खर्च वाढतो आणि परिणाम कमी होतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत मका डोक्याएवढा वाढला की पाहणीला एकट्याने जाऊ नका, बिबट्या उभ्या पिकात लपतो. दोघं-तिघं, मोठ्याने बोलत, ऊन वर आल्यावर जा.

पावसासाठी मेघदूत ॲप शेतकऱ्याच्या फोनमध्ये घालून द्या. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. पण पहिल्या सरीवर टोकण करू देऊ नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खाली उतरल्याशिवाय घाई नको. जिल्ह्याच्या पूर्वेला मृग बरसून पुढे पंधरा दिवस कोरडे जाण्याचा धोका नेहमीचा आहे. ज्याच्या विहिरीला एखाद्या पाण्यापुरता साठा आहे त्याने तो तुरा आणि कणसाचे केस येण्याच्या वेळेसाठी राखावा. त्या आठवड्यात ताण पडला तर कणसं अर्धी रिकामी निघतात.

शेवटी मोजमाप, कारण याची तयारीही आताच करावी लागते. पावणेअठरा फुटांची एक वेगळी दोरी ठेवा. ७५ सेंटिमीटरच्या ओळीत तेवढ्या लांबीत जितकी झाडं, तितके हजार झाडं एकराला. २७ च्या आसपास असतील तर टोकण छान झाली, २० असतील तर नांग्या कुठे पडल्या ते शोधा. ही मोजणी दोन्ही तुकड्यांत शेतकऱ्याच्या हातून करून घ्या आणि वहीत त्याच्याच अक्षरात लिहू द्या. काढणीला दोन्हीकडचा एकेक गुंठा वेगळा काढून दाण्याचं वजन करा, चाळीसने गुणा, की एकरी उत्पन्न समजतं. वजनकाटा डेअरीवर किंवा सोसायटीत असतो, तो कोणत्या दिवशी मोकळा मिळेल ते विचारून ठेवा. दाणा १४ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवायला ताडपत्री आणि खळ्याची जागा हवी. ओला मका नेला की व्यापारी भाव पाडतो, आणि सरकारी हमीभाव (२०२५-२६ ला तो क्विंटलला २,४०० रुपये होता) कागदावरच राहतो. मुरघासवाल्याचं गणित निराळं: त्याने दाणा चिकात (दुधाळ) असतानाच एका गुंठ्यातला हिरवा मका कापून वजन करावं, आणि त्यासाठी कुट्टी यंत्राची तारीख टोकणीच्या दिवशीच सांगून ठेवावी.