साप चावल्यावर पहिला अर्धा तास: कोणता समज सोडावा, काय करावे

मिरग लागला की शेताच्या मेरेवर, आणि त्याआधी काजूचे बोंडू गोळा करताना पालापाचोळ्यात, गोव्यात सापाशी गाठ पडतेच. दंश झाला की घरात पाच माणसे पाच उपाय सांगतात. त्यांतले बरेच नुसते निरुपयोगी नाहीत, घातक आहेत. म्हणून क्रम आधीच ठरवून ठेवा.

आधी माणसाला सापापासून लांब नेऊन आडवे करा. चालू देऊ नका, कारण स्नायू हलले की विष लवकर पसरते. अंगठी, कंकण, पैंजण, जोडवी, काळा दोरा लगेच काढा. सूज चढल्यावर त्यांचाच फास होतो.

आता दोरी. ‘वर आवळून बांधले की विष थांबते’ हा सगळ्यांत चिवट समज. घोणस आणि फुरसे यांचे विष मांस नासवते. दोरी आवळली की ते एका जागी साठते, रक्तपुरवठा तुटतो, आणि पुढे हात किंवा पाय कापायची वेळ येते. कोणी आधीच बांधली असेल तर वाटेत झटकन सोडू नका, साठलेले विष एकदम अंगभर जाते. ती रुग्णालयात डॉक्टरांनाच सोडू द्या. तुम्ही एवढेच करा: मोडलेल्या हाडाला बांधतात तसा तो अवयव दोन कामट्यांच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या आधाराने सैलसर बांधा. कापडाखालून बोट सहज गेले पाहिजे.

ब्लेडने चिरा देऊ नका, तोंडाने चोखू नका. मांसात शिरलेले विष चोखून निघत नाही, आणि घोणशीच्या विषाने रक्त गोठणे बंद झालेले असेल तर तुमची चीरच वाहत राहील. बर्फ नको, फेणी नको. वेदनेसाठी अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनही नको, त्यांनी रक्तस्राव वाढतो.

‘कडुनिंबाचा पाला कडू लागला नाही तर विष चढले’, ‘दातांच्या दोन खुणा नाहीत म्हणजे बिनविषारी’ या परीक्षांवर वेळ घालवू नका. मण्यारीचा दंश तर कित्येकदा दिसतही नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते, दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोटात किंवा घशात दुखू लागते, पापण्या जड होतात, आणि पुढे श्वास अडतो. पावसाळ्यात अशी लक्षणे दिसली तर ‘पित्त झाले असेल’ म्हणून थांबू नका. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचून झोपणे हा यावरचा सोपा बचाव आहे.

झाडपाल्याने, मंत्राने माणसे बरी झालेली लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली असतात, ती खोटी नसतात. पण आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत, आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. तो माणूस काहीही न करता वाचलाच असता, श्रेय मात्र मुळीला मिळाले. घरातल्या थोरांशी त्या घडीला हुज्जत घालू नका. ‘मंत्र वाटेत म्हणा, गाडी आधी काढूया’ म्हटले की बहुधा ऐकतात.

१०८ ला फोन करा. रुग्णवाहिकेला उशीर असेल तर गाडी शोधा. तीही नसेल तर दुचाकीवर रुग्णाला दोघांच्या मध्ये बसवून न्या. बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय), म्हापसा किंवा मडगावचे जिल्हा रुग्णालय यांतले जवळचे गाठा. निघतानाच फोन करून प्रतिविष, म्हणजे सापाच्या विषावरचे औषध, आहे का ते विचारा. वाटेत दंशाची वेळ लिहा, सुजेच्या कडेवर पेनाने रेघ ओढून शेजारी घड्याळातली वेळ टाका. हिरड्यांतून रक्त येते का, आवाज बदलतो का, पापण्या मिटतात का, यांवर लक्ष ठेवा. उलटी झाल्यास डाव्या कुशीवर वळवा.

साप मारून नेऊ नका. तुटलेले डोकेही चावू शकते. लांबून सुरक्षित फोटो मिळाला तर घ्या. तो उपयोगी पडतो, कारण भारतातले नेहमीचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी आहे. कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) हिरव्या चापडा सापाच्या विषावर ते बनवलेले नाही. म्हणून तो चावला तर रुग्णालयात जायचे नाही असे मात्र नव्हे: सूज, रक्त गोठणे आणि मूत्रपिंडे यांवर तिथेच लक्ष ठेवता येते.

रुग्णालयात थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात. नळी तिरपी केल्यावर रक्त पातळच राहिले तर विष रक्तात भिनले आहे. विषबाधेची लक्षणे असतील तर प्रतिविषाच्या साधारण १० कुप्या सुरुवातीला देतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही. लक्षणे नसली तरी डॉक्टर २४ तास ठेवून घेतात. ‘बरे वाटते’ म्हणून मध्येच घरी नेऊ नका.