घाट चढताना एअर-कूल्ड गाडी तापू नये म्हणून

एअर-कूल्ड, म्हणजे वाऱ्याने गार होणाऱ्या मोटरसायकलच्या इंजिनाला रेडिएटर नाही, कूलंट नाही. पेट्रोलच्या उष्णतेतला साधारण पाव हिस्साच चाक फिरवायला लागतो. बाकीची बरीचशी सायलेन्सरवाटे जाते आणि उरलेली हेड-सिलिंडरवरच्या फिन्सनी (धातूच्या पातळ पात्यांनी) आणि ऑइलने बाहेर टाकायची असते. फिन्सना वारा लागतो तो गाडी चालती असेल तोवरच. म्हणून मे महिन्यातल्या उन्हाने गाडी तापते हे निम्मंच खरं. त्याच उन्हात हायवेला साठच्या वेगात ती बिनतक्रार पळते. तापते ती कुंभार्ली घाटात ट्रकच्या मागे हाफ क्लचवर रांगताना, आणि त्यात फिन्सवर मातीचा लेप असेल तर विचारायलाच नको.

जांभ्याची लाल माती ओली असताना लोण्यासारखी चिकटते, वाळली की विटेसारखी होते. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल बसतो नेमका सिलिंडरच्या तोंडावर, जिथे वारा आधी आदळतो. ती माती उष्णता कोंडते आणि दोन फिनमधली फटही बुजवते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा कसून, एवढी सफाई पुरते.

इंजिन रात्रभर गार झालेलं असावं. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबा, फिन्सवर ब्रशने डिझेल लावा आणि दहा मिनिटं मुरू द्या. मग नारळाच्या झापाचा ताजा हीर घ्या. त्याचा जाड बुडखा वीतभर कापला की तो फिनच्या फटीत अचूक जातो, वाकतो पण मोडत नाही, आणि अ‍ॅल्युमिनियमला ओरखडा काढत नाही. स्क्रूड्रायव्हरने खरवडलं तर फिनचा कोपरा तुटतो. एक्झॉस्टच्या वरची फट आणि प्लगभोवतीची जागा यांवर जास्त वेळ घालवा, सगळ्यात जास्त ताप तिथेच असतो. शेवटी साबणाचं पाणी आणि साधी नळी. प्लग काढायचा असेल तर त्याच्या खड्ड्यातली माती आधी फुंकून काढा, नाहीतर तीच सिलिंडरमध्ये पडते.

दाभोळ-धोपावे जेटीवरून आलात किंवा गाडी पुळणीवर नेलीत, तर त्याच दिवशी, इंजिन गार झाल्यावर, गोड्या पाण्याने धुवा. फिन्सवर पांढरी भुकटी दिसू लागली म्हणजे खाऱ्या वाऱ्याने अ‍ॅल्युमिनियम खायला सुरुवात केली. गंज लागू नये म्हणून पावसाआधी गाडीला जळकं ऑइल फासायची आपल्याकडे पद्धत आहे. चेसिस, स्टँड, चेनकव्हरला खुशाल फासा. फिन्सना मात्र नको, त्यावर धूळ बसून घोंगडी तयार होते. क्रॅशगार्डला पायांवर चिखल उडू नये म्हणून बांधलेलं रेक्झिनही पाऊस संपला की सोडायचं. ते इंजिनाचा वारा अडवतं, आणि ऑक्टोबरच्या उन्हात कित्येक गाड्यांना ते तसंच लटकलेलं असतं.

घाट चढून तापलेली गाडी धबधब्याखाली उभी करणं किंवा सर्व्हिसिंगला गरम इंजिनावर प्रेशरचा फवारा मारणं, दोन्ही टाळा. बाहेरचा भाग एकदम आकसतो, आतला तसाच तापलेला राहतो. त्याने हेड वाकू शकतं, गॅस्केटमधून ऑइल झिरपू शकतं, कधी फिनला तडा जातो. चालत्या गाडीवर पडणाऱ्या पावसाची गोष्ट वेगळी, ते पाणी थोडंथोडं येतं आणि इंजिन मुळात तेवढं तापलेलंच नसतं.

100-125 सीसीच्या गाडीत ऑइल असतं जेमतेम लिटरभर. त्यातलं 200 मिली कमी झालं की उष्णता वाहणारा पाचवा गडी गेला. तपासताना गाडी मेन स्टँडवर सपाट जागी लावा, तीन-चार मिनिटं चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा. हिरो-होंडा पद्धतीच्या गाड्यांत डिपस्टिक पुसून नुसती टेकवायची, आटे फिरवायचे नाहीत. फिरवली तर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. ग्रेड पुस्तिकेत असेल तीच. घट्ट ऑइलने इंजिन गार राहतं हा समज चुकीचा आहे. डब्यावर जासो एमए किंवा एमए2 (ऑइलमध्ये भिजणाऱ्या दुचाकीच्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं हवं. कारच्या ऑइलने क्लच घसरू शकतो, आणि घसरणारा क्लच तेच ऑइल तापवतो. जुलैत डिपस्टिकला दुधाळ साय दिसली तर बहुधा ते बाजारापर्यंतच्या छोट्या फेऱ्यांचं दमट पाणी असतं. तासाभराची एक सलग फेरी मारा. तरी साय राहिली तर ऑइल बदला.

मग मिश्रण. पेट्रोल कमी, हवा जास्त झाली की ज्वलन तापट होतं. प्लग काढून पाहा. बिस्किटाच्या रंगाचा असेल तर ठीक, पांढराफटक आणि फोड आलेला असेल तर मिश्रण बारीक, म्हणजे पेट्रोल कमी. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधलं रबर चिरलेलं असतं, किंवा एअर फिल्टर नीट बसलेला नसतो. हे आधी बघा, जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र) नंतर. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या आणखी थोड्या बारीक चालतात. कार्बोरेटरच्या स्लाइडमधल्या (थ्रॉटलबरोबर वरखाली होणाऱ्या) सुईची क्लिप एक खाच खाली बसवली की सुई वर येते आणि अर्ध्या थ्रॉटलला पेट्रोल वाढतं. पायलट स्क्रू, म्हणजे आयडलचं मिश्रण ठरवणारा कार्बोरेटरचा स्क्रू, इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्यावर पेट्रोल वाढतं, फिल्टरच्या बाजूला असेल तर उलट. तो फिरवण्याआधी कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं नाही, तर आहे तो बिघाड वाढतो. तसाही या स्क्रूचा परिणाम आयडलच्या आसपासच, घाटातल्या तापाला त्याचा उपयोग नाही.

व्हॉल्व्ह ढकलणारे टॅपेट घट्ट असतील तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर पुरता टेकत नाही. त्याची उष्णता हेडमध्ये उतरते ती त्या टेकण्यातूनच, म्हणून तो जळतो. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून खूश होऊ नका. टॅपेट आणि व्हॉल्व्हमधली गॅप गार इंजिनावर, म्हणजे आपल्याकडे सकाळीच मोजायची.

घाटात चूक होते ती गिअरची. दाणोलीहून आंबोलीकडे चढताना, मागे माणूस बसलेला, आणि गाडी चौथ्यात पूर्ण थ्रॉटलवर रडतेय. डब्यात चिंचोके खुळखुळावेत तसा आवाज आला तर ते नॉकिंग. त्यात पिस्टनवरचा वायूचा पातळ थर मोडतो आणि ज्वाळेची उष्णता थेट धातूत शिरते. तिसरा किंवा दुसरा टाका, थ्रॉटल अर्धा करा, इंजिन जरा फिरू द्या. मिनिटभरापेक्षा जास्त खोळंबा असेल तर गाडी बंद. माथ्यावर पोचून आयडलवर ‘गार करत’ उभं राहण्यात अर्थ नाही, वारा नसेल तर ती आणखीच तापते. शेवटचा अर्धा किलोमीटर हलक्या थ्रॉटलने या, वाऱ्याकडे तोंड करून लावा आणि बंद करा.

चढावर ओढ अचानक मेली, गिअर अडखळू लागले, तापलेल्या ऑइलचा वास आला, तर पिस्टन पकडायच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकायच्या बेतात आहे. क्लच लगेच दाबा, मागचं चाक जॅम होऊ देऊ नका, कडेला घ्या. पाऊण तास हात लावायचा नाही. मग ऑइल पाहा, प्लग काढा आणि किक हाताने हळू दाबा. मोकळी फिरली तर ऑइल पुरं करून, प्लग बसवून, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये हळू जवळचं गॅरेज गाठा. खरखर लागली किंवा मध्येच अडली तर किक मारू नका, टेम्पो बोलवा. बोअर (सिलिंडरची आतली भिंत) अजून पॉलिश करण्याजोगा असेल, तर त्या एका किकमध्ये तो जातो.